तंत्रज्ञांचा तुटवडा खरोखर आहे काय?



'कुशल तंत्रज्ञ मिळत नाहीत' हे वाक्य आपण सतत ऐकतो. त्यावर विसंबून आईवडील कर्ज काढून मुलांना संगणकाच्या अभ्यासक्रमाला घालतात. म्हणूनच हे वाक्य पारखून घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

ज्या अमेरिकेकडे आपली मुले डोळे लावून बसतात, तिचेच उदाहरण घेऊ. १९९० च्या कायद्याने तेथे परदेशी तज्ज्ञांच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरली. उद्योगांनी तुटवड्याची ओरड केली, तेव्हा ती १९९८ च्या कायद्याने १,१५,००० आणि २००० च्या कायद्याने १,९५,००० झाली. तोवर इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटू लागला होता. २००२ व २००३ या आर्थिक वर्षांत निम्म्या जागाही भरल्या नाहीत. पुढे मर्यादा पुन्हा ६५,००० वर आली. माणसे तीच, कौशल्य तेच. मागणी तेवढी ओसरली.

कांदा खरोखर कमी पडला की भाव चढतो. तंत्रज्ञ कमी असतील, तर पगार चढला पाहिजे, नवख्यांना शिकवून कामावर घेतले पाहिजे, चाळिशी ओलांडलेल्या अनुभवी माणसालाही बोलावणे आले पाहिजे. हे घडत नसेल, तर तुटवडा माणसांचा नव्हे, स्वस्तात मिळणाऱ्या तयार माणसांचा आहे.

टंचाई कधीच नसते, असे आमचे म्हणणे नाही. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सी राज्याची बेकारभत्त्याची जुनी संगणक यंत्रणा अर्जांच्या भाराने अडखळू लागली. तेव्हा कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांना राज्यपालांनी आवाहन केले. अशी टंचाई ठराविक कामापुरती असते.

उलट, नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात मेटाने ११,०००, गुगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. एच-१बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यास त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते.

मित्रहो, संगणक अवश्य शिका. मात्र कर्ज काढण्यापूर्वी विचारा : तुटवडा कोणत्या कामाचा? किती पगारावर? मागील तुकडीतील किती जणांना काम मिळाले? गणित आणि मूलभूत ज्ञान पक्के करा. साधने बदलली तरी ते उपयोगी पडते. आणि पालकांनो, नोकरी न मिळालेल्या मुलाला नालायक ठरवू नका. दोष नेहमी त्याचाच असतो असे नाही.