सहाव्या वर्षाची दाढ

दांताला 'कीड लागली' असें म्हणण्याचा मराठींतील प्रघात फार जुना आहे. धान्याला कीड लागते, लांकडाला वाळवी लागते, त्याचप्रमाणें एखादा किडा दांतांत शिरून तो पोखरीत असावा, अशी कल्पना या शब्दामागें आहे. प्राचीन बाबिलोनपासून युरोपपर्यंत अनेक देशांत हीच समजूत होती. महाराष्ट्रांतील खेड्यांतून रिंगणीच्या बियांची धुरी तोंडांत घेऊन किडे पाडण्याचा उपचार चाले. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यानें १७२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मात्र, सूक्ष्मदर्शकानें शोध करूनही असा किडा आढळला नाहीं, असें स्पष्ट लिहिलें. किडा गेला, शब्द राहिला. त्या शब्दाबरोबर एक घातक विचारही घरोघर राहिला आहे, तो असा कीं, कीड दैवयोगानें लागते आणि दांत दुखूं लागल्यावर तिचा उपाय पाहावयाचा असतो. या विचारापायीं ज्या दांताची सर्वांत अधिक हानि होते, तो म्हणजे मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ.

मग दांत किडतो तो कशानें? हॉलंडमधील लेव्हेनहूक यानें १६८३ सालीं दांतांवरचा पांढरट साका सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां त्यांत असंख्य जीव हालतांना दिसले. पुढें बर्लिन येथें काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८९० सालीं त्या जीवांचा कारभार उलगडून सांगितला. खाल्लेल्या साखरेवर व पिठूळ अन्नावर हे जंतू पोसतात आणि त्यापासून आम्ल तयार करतात. दांतावरचें दंतवल्क हा शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ. त्याचा शेंकडा ९६ च्या आसपास भाग खनिजांचा आहे. पण दगडाला न जुमानणारें हें कवच आम्लापुढें विरघळूं लागतें.

येथें निसर्गानें एक मोठी सोय करून ठेविली आहे. लाळ आम्लाचा जोर मोडते आणि गेलेलीं खनिजें दांताला परत देते. गोड खाल्ल्यानंतर दांताभोंवतालचें आम्ल निवण्यास साधारणपणें अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दांताच्या पृष्ठावर दिवसभर एक जमाखर्च चालू असतो. आम्ल खर्च घालतें, लाळ जमा करते. खर्च वाढत गेला कीं दांतावर खडूसारखा पांढरा डाग दिसूं लागतो. या डागापर्यंत रोग थांबवितां येतो, पुष्कळदां परतवितांही येतो. खड्डा पडल्यावर मात्र तो आपोआप भरून येत नाहीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. साखर किती खाल्ली याइतकेंच, किंबहुना त्याहूनही अधिक, ती किती वेळां खाल्ली याला महत्त्व आहे. एक मुलगा जेवणाबरोबर दोन लाडू खातो आणि चूळ भरून उठतो. दुसरा लिमलेटच्या सहा गोळ्या शाळेच्या वेळांत एकेक करून चघळतो. पहिल्याचे दांत तासाभरांत सांवरतात. दुसऱ्याच्या लाळेला दिवसभर उसंतच मिळत नाहीं. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील संस्थेंत १९४५ पासून कांहीं वर्षें जे प्रयोग झाले, त्यांतून हेंच सिद्ध झालें. जेवणाबरोबरच्या साखरेपेक्षां दोन जेवणांच्या मध्यें दिलेल्या चिकट मिठाईनें दांत कितीतरी अधिक किडले. नकार देण्याची शक्ति नसलेल्या मनोदुर्बल रुग्णांवर हे प्रयोग केले गेले, हा त्या ज्ञानावरील कलंक होय. इतक्या मोलानें मिळालेलें ज्ञान वायां तरी जाऊं नये.

आतां त्या दाढेविषयीं. मुलाला दुधाचे दांत वीस. वर-खालीं, डाव्या-उजव्या अशा प्रत्येक बाजूस पांच. साधारण सहाव्या वर्षीं प्रत्येक बाजूस त्या पांचांच्या मागें एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठीं कोणताही दांत पडत नाहीं, त्यामुळें तिच्या आगमनाची वर्दी घरांत कोणालाच लागत नाहीं. पुढें ती किडली, तर 'दुधाचीच दाढ आहे, पडेल' असें म्हणून आई निश्चिंत राहते. पण ती पडून दुसरी येणार नसते. तीच जन्मभर पुरवावयाची असते. तिच्या माथ्यावर खोल घळी असतात, नवें दंतवल्क अजून कोंवळें असतें, आणि मुलाचा ब्रश तेथवर पोंचत नाहीं. ही दाढ गेली म्हणजे शेजारचे दांत त्या जागेकडे कलतात आणि चावण्याची सगळी घडी विसकटते. दुधाच्या दाढांचीही उपेक्षा करूं नये. दहा-बारा वर्षांपर्यंत पुढील दांतांची जागा त्याच राखून ठेवितात.

दुखणें हा या रोगाचा उशिरां येणारा निरोप्या आहे. दंतवल्काला संवेदना नाहीं. आंतल्या दंतिनाला भोंक पडलें कीं गार-गोड झोंबूं लागतें. या वेळीं किडलेला भाग काढून दांत भरून घेतल्यास थोडक्यांत निभावतें. कीड मज्जेपर्यंत गेली म्हणजे रात्रीची झोंप उडते. मग मुळांतील नलिका साफ करून भराव्या लागतात, नाहींतर दांत काढावा लागतो. लवंगेच्या तेलानें ठणका थांबतो, रोग थांबत नाहीं. आठ दिवस ठणकणारी दाढ एकाएकीं शांत झाली, तर ती बरी झाली असें समजूं नये. बहुधा आंतील नस मेलेली असते. गालावर सूज व अंगांत ताप असेल, तर एक दिवसही दवडूं नये.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. महाराष्ट्रीय घरांत सकाळीं दांत घांसण्याची शिस्त कडक, रात्रीं मात्र ढिलाई. वास्तविक झोंपेंत लाळ आटते, म्हणून रात्रीचें घांसणें अधिक मोलाचें. त्यानंतर पाण्याशिवाय कांहीं नको. तान्ह्याच्या तोंडांत दुधाची बाटली ठेवून त्याला निजवूं नये. दंतमंजन फ्लोराइडयुक्त असावें. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढें, पुढें वाटाण्याएवढें पुरे. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील कांहीं भागांत विहिरींच्या पाण्यांतच फ्लोराइड अधिक असतें. तेथें दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. राखुंडीनें दांत झिजतात, आणि मिश्री तर तंबाखूच होय, दोन्ही वर्ज्य. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दांत वडील माणसानें घांसून द्यावेत. नव्या दाढेच्या घळी दंतवैद्याकडून लेपानें बुजवून घेतां येतात. त्यास ना सुई लागते ना दुखतें.

सहाव्या वर्षीं सहावा दांत, एवढें एक सूत्र आईबापांनीं पाठ करावें. मुलाला खिडकीच्या उजेडांत उभें करावें, पुढच्या दोन दांतांच्या मधून एकेका बाजूस मोजीत जावें, आणि सहावा दांत आला आहे काय हें पाहावें. आला असल्यास त्याच आठवड्यांत तो दंतवैद्याला दाखवावा. मूल रडत नसतांना, दांत दुखत नसतांना दाखवावा. कारण त्या दाढेला वांचविण्याची खरी वेळ तीच असते.