कोरोलेव्ह वाचले असते तर?

‘फॉर ऑल मॅनकाइंड’ या मालिकेत जून १९६९मध्ये चंद्रावर पहिलं पाऊल ठेवतो तो सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह. मालिकाकर्त्यांनी त्यासाठी इतिहासात एकच बदल केला : रॉकेटतज्ज्ञ सर्गेई कोरोलेव्ह शस्त्रक्रियेतून वाचतात.

प्रत्यक्षात, १४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्कोत शस्त्रक्रिया झाली आणि कोरोलेव्ह शुद्धीवर आलेच नाहीत. स्पुटनिक आणि गागारिन यांना अवकाशात धाडणाऱ्या या माणसाचं नाव त्याच्या देशवासीयांनाही कळलं ते तो गेल्यावर!

पण कोरोलेव्ह जगते, तर लिओनोव्ह खरंच चंद्रावर उतरते? मला शंका आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी चंद्रावर माणूस उतरवण्याची घोषणा केली मे १९६१मध्ये. सोव्हिएत नेतृत्वाने माणूस उतरवायचा निर्णय घेतला ऑगस्ट १९६४मध्ये. तीन वर्षं तिथेच गेली. त्यात इंधनावरून भांडण. इंजिनांचे बडे जाणकार ग्लुश्को विषारी इंधनावर अडून बसले, कोरोलेव्हना हवं होतं केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन. शेवटी काम गेलं कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे. त्यांची हयात विमानांच्या इंजिनांत गेलेली. इंजिनं झाली लहान. म्हणून ‘एन-१’ या सोव्हिएत चंद्ररॉकेटच्या पहिल्या टप्प्याला तब्बल ३० इंजिनं लागली. अमेरिकेच्या ‘सॅटर्न-५’ला पाच पुरली.

ही इंजिनं एकदा पेटवली की पुन्हा वापरता येत नसत. म्हणून सहांपैकी दोन पेटवून पाहायची. ती नीट चालली की उरलेली चार रॉकेटला जोडायची. शितावरून भाताची परीक्षा! तीसही इंजिनं एकत्र पेटवून पाहायला जमिनीवर चाचणीमंचच बांधला नव्हता. तेव्हा ती चाचणी व्हायची ती थेट उड्डाणातच.

३ जुलै १९६९च्या रात्री, अपोलो-११ निघायला तेरा दिवस उरले असताना, बैकानूरहून दुसरं एन-१ उडालं. एका इंजिनाचा पंप फुटला, नियंत्रण यंत्रणेने एक सोडून सगळी इंजिनं बंद केली, आणि इंधनाने भरलेलं ते धूड तळावरच कोसळलं. तळ उद्ध्वस्त झाला. एकूण चार उड्डाणं झाली, चारही फसली.

चाचणीमंचाविना पुढे जायचं, हे कोरोलेव्हांच्याच काळात ठरलं होतं. ते असते तर त्यांनी पैसा खेचून आणला असता, भांडणंही निस्तरली असती कदाचित. पण मालिकेतला जून १९६९ गाठायचा, तर नुसता माणूस वाचून भागत नाही. तीन वर्षं आधीचा निर्णय आणि तो चाचणीमंचही हवा.