देवाचा मित्र म्हणजे कोण?

 

प्रियांनो, आजचा विषय आहे देवाशी मैत्री. हा शब्द आपण फार सहज वापरतो. पण पवित्र शास्त्राने ‘देवाचा मित्र’ ही पदवी जपून दिली आहे. अब्राहामाला ती तीन ठिकाणी मिळाली : २ इतिहास २०:७, यशया ४१:८ आणि याकोब २:२३. हेब्रोन शहरात त्याची कबर आहे असे मानतात. त्या शहराला अरबी भाषेत आजही अल-खलील म्हणतात. खलील म्हणजे मित्र. माणसाची ओळख गावाचे नाव होऊन बसली!

आता आपल्याकडे मोठ्या माणसाशी मैत्री असली की लोक काय म्हणतात? “त्याचा वशिला आहे.” म्हणजे रांगेत उभे राहायला नको, अडलेली फाइल पुढे सरकणार. कित्येकदा आपण देवाशी मैत्रीही अशीच मागतो. माझे काम व्हावे, माझ्या मुलाला नोकरी लागावी. मागण्यात पाप नाही. पण मैत्री तेवढीच असेल तर ती मैत्री नव्हे, वशिला आहे.

उत्पत्तीचा १८वा अध्याय उघडा. मम्रेच्या झाडांजवळ, भर दुपारी, अब्राहामाच्या दारी तीन पाहुणे येतात. जेवण झाल्यावर ते सदोमाच्या वाटेला लागतात. तेव्हा परमेश्वर मनात म्हणतो की, मी जे करणार आहे ते अब्राहामापासून का लपवू? पुढे तो कारणही सांगतो : अब्राहामाने आपल्या मुलाबाळांना व घराण्याला न्यायाने आणि नीतीने चालायला शिकवावे म्हणून मी त्याला निवडले. पाहा, देव त्याला आपल्या मनातले सांगतो आणि त्याच श्वासात नीतीने चालण्याचे बोलतो. मैत्री आणि नीतिमत्त्व या दोन गोष्टी देवाने वेगळ्या ठेवल्याच नाहीत.

मग अब्राहामाने या मैत्रीचा उपयोग कशासाठी केला? सदोमासाठी. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? सहा वेळा त्याने रदबदली केली. त्याचा पुतण्या लोट तिथे होता हे खरे, पण अब्राहामाने सगळ्या नगरासाठी दया मागितली. आता चार अध्याय मागे जा. अध्याय १४ मध्ये सदोमाचा राजा त्याला लुटीतली मालमत्ता देऊ करतो, आणि अब्राहाम त्यातला साधा दोरासुद्धा आपल्यासाठी घेत नाही. सदोमाचा पैसा त्याने नाकारला, पण सदोमाची माणसे टाकली नाहीत. आपले बहुधा उलट होते. ज्या लोकांना आपण वाईट म्हणतो, त्यांच्याशी व्यवहार करून नफा घेतो; त्यांच्यासाठी प्रार्थना मात्र करत नाही.

कोणी म्हणेल, “अब्राहाम थोर होता, आम्ही साधी माणसे.” तसे नाही. हाच अब्राहाम जिवाच्या भीतीने मिसरात आणि पुन्हा गरारात सारेला बहीण म्हणवून वागला. शास्त्र हे झाकत नाही. मग तो नीतिमान कसा ठरला? उत्पत्ती १५:६ सांगते, त्याने विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूला नीतिमत्त्व म्हणून धरला गेला. रोमकरांस लिहिताना पौल दाखवून देतो की, हे सुंतेच्या आधीच घडले. म्हणजे मैत्री ही कमाई नाही, कृपा आहे. पण याकोब बजावतो की, तो विश्वास कृतीत दिसला आणि मग तो देवाचा मित्र म्हटला गेला.

प्रभु येशूनेही योहान १५ मध्ये हेच सांगितले. आधी तो मित्रांसाठी प्राण देण्याविषयी बोलतो, नंतर आज्ञा पाळण्याविषयी. तो शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, कारण पित्याकडून ऐकलेले त्याने त्यांना कळवले. दासाला फक्त हुकूम कळतो, मित्राला मन कळते. आणि मन कळल्यावर मित्र त्या मनाविरुद्ध कसा वागेल?

तेव्हा या आठवड्यात स्वतःला तीन प्रश्न विचारा. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार ठरल्या दिवशी देतो का? लेवीय १९:१३ प्रमाणे मजुराचे वेतन रात्रभरही अडवायचे नाही. दिलेला शब्द तोटा होत असला तरी पाळतो का? स्तोत्र १५ देवाच्या मंडपात राहणाऱ्याची हीच खूण सांगते. आणि ज्याने आपल्याला दुखावले, त्याचे नाव प्रार्थनेत घेतो का?

एक गोष्ट राहिली. सदोमात दहा नीतिमानही सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे अब्राहाम त्याच जागी गेला, तर खालच्या प्रदेशातून भट्टीसारखा धूर वर चढत होता. मित्राची विनंतीही आपण योजतो तशीच पुरी होते असे नाही. तरी उत्पत्ती १९:२९ वाचा. देवाने अब्राहामाची आठवण केली आणि लोटाला त्या नाशातून बाहेर काढले. तुमच्याही प्रार्थनेनंतर आज धूरच दिसत असेल. पण त्या धुरापलीकडे देवाने कोणाचा हात धरून त्याला बाहेर आणले आहे, हे तुम्हांला अजून दिसलेले नसेल.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभु, तू आम्हांला मित्र म्हटलेस, याबद्दल तुझे उपकार मानतो. तुझे मन आम्हांला कळू दे, आणि आमच्या घरात, दुकानात, कचेरीत ते आमच्या वागण्यातून दिसू दे. जे आम्हांला परके वाटतात त्यांच्यासाठी तुझ्यापुढे उभे राहायला आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.