काकूंची फियाट आणि गटाचं कर्ज



आमच्या गटातल्या एका काकूंच्या गोठ्याशेजारी त्यांच्या यजमानांची प्रीमियर पद्मिनी चार वर्षं उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची ती गाडी. आपल्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात. भंगारवाल्याच्या चकरा सुरू झाल्या होत्या. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि सांगितलं, इंजिन खोलून बोअरिंग करावं लागेल. काकूंनी गटाकडे कर्ज मागितलं. पैसा सगळ्यांचा, म्हणून आम्ही विचारलं, इंजिन खराब आहे हे कशावरून ठरवलं? उत्तर मिळालं नाही. मग मुंबईत टॅक्स्या दुरुस्त करून गावी परतलेल्या एका मिस्त्रीकाकांना बोलावलं. दोन रविवार आम्ही त्यांच्याजवळ बसून होतो.

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला लगेच स्टार्टर मारायचा नसतो. आत तेल सुकलेलं असतं. त्यांनी चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून आम्ही ती मागेपुढे ढकलली. इंजिन सुटं फिरलं, म्हणजे जाम नव्हतं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं तर तळाशी गंजाचा गाळ. हा गाळ कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये जाऊन बसतो.

न सुरू होणाऱ्या गाडीत आधी दोनच गोष्टी बघायच्या: ठिणगी आणि पेट्रोल. प्लग वायरला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि स्टार्टर फिरवायचा. हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको, आणि प्लग हातात धरायचा नाही, झटका बसतो. निळी, कडक ठिणगी पाहिजे. आमच्याकडे ठिणगीच नव्हती. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर आतले पॉइंट काळे पडलेले. बारीक पॉलिश पेपरनं घासले, फीलर गेजनं फट लावली, कंडेन्सर नवा टाकला. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, पंपाचा कडक झालेला पडदा बदलला. गाडी सुरू झाली! सुरुवातीला निळा धूर आला, पण तो आपण ओतलेल्या ऑइलचा. थोड्या वेळानं थांबला.

आता बोअरिंगचा प्रश्न. इंजिन गरम झाल्यावर प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचा दाब मोजला. एखाद्याचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजतात. वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आमचे चारही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा थरही नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नव्हतं. बोअरिंग रद्द.

कर्ज मात्र दिलं, ब्रेकसाठी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यानं चाकातले सिलिंडर आतून गंजतात. पेडल दाबलं तर खालपर्यंत जात होतं. चारही चाकांचे ड्रम उघडले, रबरी वॉशर आणि होज पाइप नवे टाकले, ओळीनं हवा काढली. कुणी म्हणालं, तात्पुरतं इंजिन ऑइल घाला. मिस्त्रीकाका भडकलेच. त्यानं ब्रेकचं रबर फुगतं आणि ब्रेक जातो. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्यात थांबतो. ब्रेक गेला तर काय होतं ते सांगायला नको. तरी गॅरेजवाल्यानं ब्रेकचा शब्दही काढला नव्हता.

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी गचके देऊन थांबली तर पेट्रोल पंप तापून आत वाफ धरलेली असते. गाडी कडेला घ्यायची, पंपावर ओलं फडकं ठेवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. काकूंनी डिकीत पाण्याची बाटली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा ठेवलाय.

कुणी म्हणतं, ही विंटेज झाली, नोंदणी वेगळी. तसं नाही. 2021 च्या नियमात विंटेजसाठी पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आणि मग ती रोजच्या वापराला चालत नाही. काकूंच्या गाडीला पंधरा वर्षांनंतरचं नेहमीचं, पाच-पाच वर्षांचं नूतनीकरणच लागतं. त्या तपासणीला नेण्याआधी हँडब्रेकची केबल बदलायची आहे. ती या रविवारी.