आधी अंधार रंगवा

भंडाऱ्याच्या वसंत व्याख्यानमालेत तैलरंगातल्या व्यक्तिचित्रावर बोलायला आलेल्या निवृत्त कलाशिक्षकांनी टेबलावर चार लहान कॅनव्हास मांडले. चारहींवर एकच फेटेवाला म्हातारा. पहिल्यावर तो नुसता तपकिरी धूसर, चौथ्यावर आता खोकेल की काय असं वाटावं असा. पत्रिकेत विषय होता ‘व्यक्तिचित्राचे टप्पे’, पण सर मनात रेम्ब्रांट घेऊन आले होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की दुसऱ्याच्या चित्रातून दिसतं ते उचलू नका, ते कोणत्या क्रमानं झालं ते उचला.

“रविवर्मा तुम्हाला ठाऊकच आहेत,” असं म्हणून त्यांनी त्रावणकोर दोन वाक्यांत ओलांडलं. १८६८ साली थिओडोर जेन्सन दरबारात व्यक्तिचित्रं रंगवत होता आणि तरुण रविवर्मांना तो रंगवताना बघण्यापुरतीच मुभा मिळाली. “पण बघायला काय मिळालं? क्रम!” चित्रकार पेस्तनजी बोमनजींनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, हेही असंच जाता जाता.

थांबले ते आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांच्यापाशी. जन्म १८७०, गोव्यातलं सांगे. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये; मृत्यू १९३५. लोक त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. ही पदवी सरांनी अशा घाईनं उच्चारली, की ती त्यांना मानवत नसावी. पत्नी, मुली, ओळखीपाळखीची माणसं हेच त्रिंदाद यांचं जग. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पणजीच्या फुंदासांव ओरिएंतमध्ये आहे. “अंधारातून उजेडात येणारा चेहरा रेम्ब्रांटकडून आला असेल,” सर म्हणाले, “पण त्या उजेडात बसलेली बाई घरची आहे.”

“म्हणजे शेवटी नक्कलच ना, सर?” मागच्या रांगेतून आवाज आला. सभागृहात हशा पिकला.

सर जरा चिडलेच. १६५०च्या दशकात रेम्ब्रांटनं मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली, त्यातली वीसहून अधिक आजही शिल्लक आहेत, हे त्यांनी बोट नाचवत सांगितलं. “शहाजहान जिवंत असताना हा बुवा ॲमस्टरडॅममध्ये बसून त्याचं चित्र उतरवत होता! त्याला कॉपीबहाद्दर म्हणाल?” कोणी काही बोललं नाही. या उत्तरानं प्रश्न पुरता मिटला असं नाही. पण टाळ्या मिळाल्या.

मग सर दुसऱ्या कॅनव्हासकडे वळले. ट्यूबलाइटची चमक रंगावर येत होती, म्हणून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. अंबर आणि पांढरा, एवढेच दोन रंग. गालाचं हाड तेवढं पांढऱ्यानं जाड उचललेलं, डोळ्यांच्या जागी नुसते दोन खड्डे. “मुलं आधी डोळे काढतात, पापण्यांसकट. भांडं ठोकून आकाराला येण्याआधी पॉलिश मारणारा कारागीर या गावात कोणी पाहिलाय?” पितळेच्या गावानं मनापासून दाद दिली. रेम्ब्रांटही साधारण मागून पुढे येत रंगवत असे. त्याच्या ‘नाइट वॉच’च्या रंगाखाली खडूचं रेखाटन आहे, हे २०२१च्या डिसेंबरात जाहीर झालं, तेव्हा आपल्याला पेढे वाटावेसे वाटले, असंही सर बोलून गेले.

तिसऱ्या टप्प्यात कातडीचा रंग, आणि तिथेच तेलाचा विषय निघाला. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ केलेला, वरच्या प्रत्येक थरात तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि चेहऱ्याला भेगा पडतात. “आणि हे तेल कशाचं? जवसाचं!” इथून पुढे व्याख्यान हातचं गेलं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. वाळताना त्याचं वजन उलट वाढतं. जवसाची चटणीही येऊन गेली.

“सर, आमच्या बांधीत धान उभं असतानाच लाखोळीसंगं फेकतो, तेच का हे?” एका शेतकऱ्यानं विचारलं.

“तेच! युरोपची निम्मी चित्रं तुमच्या उतेऱ्याच्या पिकावर उभी आहेत.” हिशेब मागायला कोणी उठलं नाही. पण पुढची काही मिनिटं जवसाच्या भावावर गेली आणि अध्यक्षांची चिठ्ठी टेबलावर आली.

चौथा कॅनव्हास मग धावतपळत उरकला. सावल्यांवर पारदर्शक थराचं ग्लेझिंग, डोळ्यातला उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी, तोही एकच. ग्लेझिंग तरी सावकाश सांगायला हवं होतं. सगळ्यात अवघड तेच. “मी कुणाच्या चित्रावरून शिकू?” असं एका मुलीनं विचारलं, तेव्हा आभार मानणारे उठून उभे राहिले होते. “आवडेल त्या. फक्त आधी ते काळ्या-पांढऱ्यात उतरव, रंगाला हात लावू नकोस,” सर माइकपासून लांबूनच म्हणाले. “आणि वार्निश सहा महिने तरी...”

पुढचं आभारप्रदर्शनात ऐकू आलं नाही.