पाठदुखी : केव्हा थांबू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला. मी 'पाठदुखी' म्हणताच त्या हसून म्हणाल्या, "मग काय, सभागृह अपुरे पडणार!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पाठ कधीच दुखली नाही अशी बाई शोधून सापडावयाची नाही. वाकून केर काढावयाचा, भरलेली बादली उचलावयाची, मूल कडेवर घ्यावयाचे. आणि आताच्या मुली तर आठ-आठ तास संगणकापुढे बसून खड्ड्यांच्या रस्त्याने दुचाकीवरून घरी येतात. पाठीने तक्रार केली तर नवल ते काय!

तेव्हा प्रथम धीराची गोष्ट सांगते. बहुतेक पाठदुखी थोड्या आठवड्यांत आपोआप उतरते. उसण भरली, लचक बसली, तर थोडी विश्रांती, थोडी हालचाल, गरज पडल्यास डॉक्टरांची गोळी, एवढ्यावर भागते. मला आज बोलावयाचे आहे ते उरलेल्या थोड्या जणींविषयी. त्यांची पाठ दुखते तशी सगळ्यांचीच दुखते. पण आत वेगळेच काही चाललेले असते आणि तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.

मी काही वर्षे १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम केले. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ साली ९३७ गाड्यांच्या योजनेने सुरू झाली. तिला पैसे पडत नाहीत, हे येथे मुद्दाम सांगते. कारण भाड्याच्या धास्तीने फोन न करणारी घरे मी पाहिली आहेत. परदेशात अशा गाडीवर पॅरामेडिक म्हणून शिकविलेले लोक असतात. आपल्याकडे या गाडीवर डॉक्टर आणि चालक अशी जोडी असते. दोन्हीकडे काम एकच. मणक्याच्या आतले चित्र काढण्याचे यंत्र गाडीत नसते, म्हणून रोगाचे नाव ठरविणे आमच्या हाती नाही. आम्हांला एवढेच ओळखावयाचे असते की, नुसती पाठ दुखते आहे, की पाठीतून जाणारी वाट बंद पडू लागली आहे.

ही वाट म्हणजे काय? आपल्या मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली येतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तेथून पुढे मज्जातंतूंचा झुबकाच्या झुबका खाली लोंबतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसला, म्हणून त्यांनी त्याला लॅटिन भाषेत तेच नाव दिले. या शेपटीतले काही धागे मांड्यांकडे, काही पावलांकडे जातात; आणि अगदी खालचे धागे लघवीची पिशवी, शौचाची जागा आणि आपण ज्यावर बसतो तो भाग सांभाळतात. दोन मणक्यांमधली गादी सरकून या झुबक्यावर दाबून बसली, तर पाय लुळे पडावयाच्या आधीच हे खालचे धागे मुके होऊ शकतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, ती सांगते. एका रात्री आम्हांला एका घरी बोलावले. बाईंचे वय चाळिशीच्या आत. तीन आठवडे कंबर धरली होती, कळ उजव्या पायात उतरत होती. घरच्यांनी तेल चोळले, शेक दिला. शेजारच्या गावातील एका पायाळू माणसाकडून पाठीवर लाथही मारून घेतली. भगिनींनो, हसू नका. आपल्यापैकी किती जणींनी हा उपाय केला आहे ते हात वर करून सांगा म्हटले तर पंचाईत होईल! त्या दिवशी मात्र दोन्ही पायांना मुंग्या येऊ लागल्या, म्हणून फोन केला.

मी नाडी, रक्तदाब, रक्तातील साखर पाहिली. सगळे ठीक. मग पायांकडे वळले. "ताई, पायाचा अंगठा वर उचला. आता माझ्या हातावर पाऊल दाबा." उजवा अंगठा नीट उचलेना. दोन्ही पायांना कापसाचा बोळा लावून स्पर्श सारखा कळतो का ते पाहिले. नंतर विचारले, "लघवी केव्हा झाली?" बाईंनी सासऱ्यांकडे, दिराकडे पाहिले आणि म्हणाल्या, "होते ठीक."

मी पुरुषमंडळींना नम्रपणे बाहेर जावयास सांगितले, दार लोटले आणि पुन्हा विचारले. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बाई, काल रात्रीपासून झालीच नाही. पण त्रास काही नाही, जावेसेच वाटत नाही." मी ओटीपोटावर हात ठेवला, तो ते भरून घट्ट झालेले. पुढचा प्रश्न आणखी अवघड होता. बसण्याच्या जागी, पाणी घेताना, हाताचा स्पर्श कळतो का? त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "दोन दिवस झाले, तिथे काही कळतच नाही. हे कुणाला सांगायचे?"

आपण म्हणतो दुखले म्हणजे आजार. येथे उलटे होते. भरलेली पिशवी दुखत नव्हती, हीच वाईट खूण होती. यजमान म्हणत होते, "जवळच दवाखाना आहे, एक इंजेक्शन देतील, सकाळी बघू." मी त्यांना स्पष्ट सांगितले की, सकाळ ही चैन आपल्याला परवडणारी नाही. जेथे एम.आर.आय. होतो आणि मणक्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत, अशा मोठ्या रुग्णालयात गाडी न्यावयाची. वाटेतच तेथे फोन करून कळवावयाचे. अशा दुखण्यात दाब शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत तरी मोकळा करावा, असे मानतात. लघवी पूर्ण अडण्याच्या आधीच रोगी पोहोचला तर फळ अधिक चांगले मिळते.

त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. बाई पुढे चालू लागल्या. लघवीसाठी मात्र त्यांना कित्येक महिने नळी वापरावी लागली. त्या दोन दिवसांतला संकोच त्यांना केवढ्याला पडला, याचा हिशेब मी मांडत नाही. तो आपण मनाशी करावा.

सरकलेली गादी हे एक कारण झाले. पाठदुखी आणि पायांचा अशक्तपणा यांची जोडी इतरही कारणांनी जमते. आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्याला पडले. संध्याकाळी अंगात कसर, वजन उतरत चाललेले, पडून राहिल्यावरही न थांबणारे दुखणे, आणि मग पाय जड, ताठर होऊ लागणे, अशी त्याची चाल असते. त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ज्यांना पूर्वी स्तनाचा किंवा अन्य कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी नवी पाठदुखी अंगावर काढू नये. तो रोग मणक्यात उतरू शकतो. वयस्कर, विडी-सिगारेट ओढणाऱ्या, रक्तदाब असलेल्या गृहस्थांच्या पाठीत किंवा पोटात एकाएकी फाटल्यासारखी कळ आली, घाम फुटला, एक पाय गार पडला, तर दोष मणक्यात नसून हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत असू शकतो. म्हणून आम्ही दोन्ही पावलांची नाडीही चाचपून पाहतो.

आणखी एक रोग पुणेकरांना सांगावयास नको. १९१६ साली गिलाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत तो वर्णिला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात, त्याचे रुग्ण एकदम वाढले. संशयित धरून संख्या दोनशेच्या वर गेली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. जुलाब होऊन जातात, आठ-पंधरा दिवसांनी पायांना मुंग्या येतात, काहींची पाठही दुखते, आणि अशक्तपणा पायांकडून वर वर चढतो. तो छातीपर्यंत आला तर श्वास अडतो. म्हणून आम्ही रोग्याला एका श्वासात आकडे मोजावयास सांगतो. वीसपर्यंत सहज जाणारा माणूस सात-आठवरच थांबला, तर गाडीची घाई दुप्पट होते.

आता घरी आपण काय करावे, ते सांगते. पाठ दुखणाऱ्या माणसाला हे प्रश्न विचारावे. दोन्ही पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आहे का? चालताना चप्पल पायातून निसटते का? लघवी अडते, थेंब थेंब गळते, की लागल्याचे कळतच नाही? शौचावरचा ताबा गेला का? बसण्याच्या जागी बधिरता आहे का? यांतील एकाचेही उत्तर होय आले, तर तेलाची वाटी बाजूला ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. त्रास केव्हा सुरू झाला ती वेळ, चालू औषधे आणि जुने कागद जवळ ठेवावे. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असतो, म्हणून आग्रहाने खाऊ घालू नये. बधिर पायांवर गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक मुळीच देऊ नये. चटका कळत नाही आणि कातडी भाजून निघते. माणूस उंचावरून पडला असेल, तर त्याला खांद्याला धरून बसवू नये. आहे तसेच निजवून, मान न हलविता, गाडीची वाट पाहावी.

आणि शेवटची विनंती सासूबाईंना, जावांना, मोठ्या मुलींना आहे. हे प्रश्न घरातल्या बाईने बाईला विचारावयाचे आहेत. पुरुषांसमोर ती सांगणार नाही; म्हणून तिला क्षणभर एकांत द्यावा आणि सरळ शब्दांत विचारावे. आपल्या आयांनी आपल्याला जी लाज शिकविली ती शालीनतेची होती. तीमुळे लेकीसुनेचे पाय किंवा प्राण जावेत, असे त्यांच्या मनात कधीच नव्हते. स्वयंपाकघरात मिठाचे प्रमाण आपण जितक्या मोकळेपणाने विचारतो, तितक्याच मोकळेपणाने हे विचारता आले पाहिजे. आपल्या मंडळाने वर्षातून एक दुपार अशा बोलण्यासाठी राखून ठेवली, तर त्या दुपारचा उपयोग कुणाला तरी जन्मभर होईल.