गिअरचा सैल बूट

धुळें आणि जळगांव यांमधील सुमारें ९० किलोमीटरचा रस्ता पारोळें, एरंडोल ह्या गांवांवरून जातो. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हां एकाचें ठाणें जळगांवास व दुसऱ्याचें धुळ्यास आलें. पण ऊन आणि धूळ यांची वांटणी कांहीं कोणास करतां आली नाहीं. कापसाची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, चाकांखालीं तिचें पीठ होतें, आणि मे महिन्यांत जळगांवचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. कांचा लावून उन्हांत उभ्या केलेल्या मोटारीच्या आंत तर याहूनही कितीतरी अधिक उष्णता सांठते. तिचा पहिला मार बसतो तो कातड्यास आणि प्लास्टिकास. आणि गिअरच्या दांड्याभोंवतीं जो घोळदार झगा असतो, ज्यास गॅरेजांत सरळ 'गिअरचा बूट' म्हणतात, तो नेमका ह्या दोहोंचा केलेला.

जुन्या पिढीच्या स्मरणांत असेल कीं, अँबॅसडर व पद्मिनी ह्या गाड्यांत बहुतेक काळ गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाशेजारींच होता. जमिनींतलें भोंक झांकण्याचा प्रश्नच नव्हता. ठेंगण्या, चपळ क्रीडामोटारीची गोष्ट निराळी. तिचा दांडा आंखूड, हाताशीं, आणि सतत हलता. अशी एक मोटार आपल्या शेजारींच, गोव्यांत, १९९८ च्या सुमारास निघाली होती. 'सॅन स्टॉर्म' तिचें नांव. दोनच आसनें, फायबरग्लासचें अंग, रेनोचें १,१४९ घन सेंटिमीटरचें इंजिन आणि पांच गतींची गिअरपेटी. तिचें उत्पादन पुढें थांबलें. असल्या गाडीचा सुटा भाग दुकानांत मागतांच मिळेल हा भरंवसा नसतो. तेव्हां बूट सैल झाला म्हणजे तोच दुरुस्त करणें भाग पडतें.

बूट वस्तुतः पुष्कळ गाड्यांत दोन असतात. वरचा कातड्याचा अथवा रेक्झिनचा, शोभेचा. खालचा रबराचा, जमिनीच्या भोंकावर घट्ट बसविलेला. वरचा सुटला तर खडखड ऐकूं येते, धूळ दिसते, एवढेंच. खालचा फाटला तर प्रकरण गंभीर आहे. ज्या गाड्यांत इंजिन पुढें असून गति मागील चाकांना मिळते, त्यांत गिअरपेटी दांड्याच्या अगदीं खालीं असते व धुराची नळी तिच्या जवळून जाते. ती नळी कोठें गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड वायु त्याच भोंकानें आंत शिरूं शकतो. ह्या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. कांचा बंद करून चाललेल्या चालकाचें डोकें जड होतें, मळमळतें. आणि खानदेशांत असल्याकारणानें तो बिचारा सारा दोष उन्हास देतो! म्हणून वरचा बूट उचलतांच प्रथम दिव्याच्या उजेडांत खालचें रबर पाहावें. तेथें चीर आढळल्यास चिकटवाचिकटवी करूं नये. रबर नवें घालावें व धुराची नळीही तपासून घ्यावी.

वरच्या बुटाचें काम सोपें आहे, पण घाईचें नव्हे. गाडी सपाट जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा आणि चाकांस पुढेंमागें दगड लावावे. कारण काम करतांना दांडा हलून गाडी गिअरमधून सुटते. पुष्कळ गाड्यांत दांड्याची मूठ आट्यांची असते, ती डावीकडे फिरवून निघते. न निघाल्यास जोर करूं नये, आंत एखादी खीळ किंवा स्क्रू असण्याचा संभव आहे. बुटाची खालची चौकट लांकडाच्या चपट्या पट्टीनें उचलावी. लोखंडी पेचकस घातला कीं उन्हानें ठिसूळ झालेले दांते हमखास मोडतात.

मग दोष कोठें आहे तें दिसतें. कातडें चौकटीपासून सुटलें असेल तर जुना डिंक खरवडून दोन्ही अंगांस चिकटद्रव्य लावावें, तें किंचित् सुकूं द्यावें आणि मगच दाबावें. वरची गांठ सुटली असेल तर मेणाच्या दोऱ्यानें बांधावी. कातडेंच आटलें असेल तर मात्र ओढून बसविण्याचा मोह टाळावा; एखाद्या कुशनवाल्याकडून त्याच मापाचा, थोडा ऐसपैस असा नवा बूट शिवून घ्यावा.

ऐसपैस म्हणण्याचें कारण आहे. ताणलेला बूट दांड्यास सतत ओढीत राहतो, आणि दांडा गिअरमध्यें पुरता बसत नाहीं. धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा रस्त्यावर लळिंगचा घाट आहे. पुढें भरलेल्या मालमोटारी, मागें भरलेल्या मालमोटारी, आणि उतारावर चालकाची मदार इंजिनाच्या ओढीवर. अशा वेळीं गिअर आपोआप सुटला तर सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. यासाठीं बूट बसविल्यावर, इंजिन बंद ठेवून व क्लच दाबून, पहिल्यापासून पांचवीपर्यंत आणि उलट गतीपर्यंत दांडा नेऊन पाहावा. कोठेंही कातडें ताणतां कामा नये, आणि उलट गतीसाठीं मुठीखालीं उचलावयाचें कडें असेल तर त्यांत त्याची घडी अडकतां कामा नये. ही परीक्षा झाल्यावरच चौकट दाबून बसवावी.